फळ्यावरचं खोटं

शिरोळकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजचा एक मोठा फ्लेक्स लागलाय. वर लिहिलंय, ‘परंपरेतून प्रगतीकडे’. खाली, ‘प्रवेश सुरू’. मधे नऊवारीतली, नथ घातलेली, हातात औक्षणाचं तबक घेतलेली एक उंच मुलगी हसते आहे. हसते आहे म्हणजे फोटोवाल्यानं हसायला लावलंय. ती माझी गणिताची विद्यार्थिनी, आणि त्या कॉलेजात आता गणित हा विषयच शिकवत नाहीत. तिथून जाताना मी दर वेळी तोंड फिरवायचं ठरवते आणि दर वेळी बघतेच. मग त्या दिवशी घरात माझ्या वाटेला कुणी जात नाही.

मला राग लवकर येतो हे मला माहीत आहे. गणिताची माणसं थंड डोक्याची असतात असं लोकांना वाटतं. कुणी पसरवलंय कोण जाणे. उलट ज्याला एक चुकीची पायरी दिसल्यावर पुढं वाचवत नाही, त्याचं डोकं थंड राहील कसं?

माझा राग तसा जुनाच आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, जैन शेतकऱ्याच्या घरात मी वाढले. घरात मराठी, आजोळी कानडी, आणि दोन्हीकडं उसाच्या गप्पा. आमच्या शाळेत एक गुरुजी होते. त्यांचा आवाज मोठा आणि गणित कच्चं. एकदा अपूर्णांकांच्या बेरजेत त्यांनी खालचे छेदही बेधडक मिळवून टाकले. अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी मिळवली तर त्यांच्या हिशोबानं अर्धीच भाकरी होत होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, चुकलं.” त्यांनी मला पुढं बोलावलं. मला वाटलं खडू देतील. त्यांनी कानाखाली दिली. घरी रडत आले तर वडील म्हणाले, “गुरुजी चुकत नसत्यात. आणि चुकलं तरी पोरीच्या जातीनं बोलायचं नसतं.” कानावरचा वळ दोन दिवसांत गेला असेल. ती बेरीज मात्र गुरुजींनी तशीच ठेवली आणि वर्गातल्या सगळ्यांनी ती तशीच उतरून घेतली, याचा राग मला आजही येतो.

कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही की, रोज तासाला फळ्यावर एक खोटं विधान लिहायचं. अगदी साळसूद दिसणारं, खऱ्यांच्या रांगेत बसवलेलं. वर्गात नियम एवढाच, की ज्याला ते सापडेल त्यानं परवानगी मागायची नाही, हात वर करायचा नाही. सरळ उठायचं, माझ्या हातातला खडू घ्यायचा आणि त्यावर काट मारायची. आणि काट मारल्यावर भाषण ठोकायचं नाही, एक उदाहरण द्यायचं. एखादं विधान खरं ठरवायला हजार उदाहरणं पुरत नाहीत, पण ते पाडायला एक पुरतं. मुलं सुरुवातीला बिचकायची. बाईंच्या हातातून खडू घ्यायचा म्हणजे काय! मग एकदा चटक लागली की तासाला घंटा झालेली कळायची नाही. स्टाफरूममध्ये सहकारी टिंगल करायचे, “आज किती खोटं बोलला मॅडम?” मी म्हणायचे, “एकच. तुम्ही?”

तबकाशीही माझं जुनं वाकडं आहे. नोकरीला नवीन होते, लग्न नुकतंच झालं होतं. कॉलेजात बाहेरगावचे एक मोठे गणिती व्याख्यानाला येणार होते. विषय होता, जी कुठंच तुटत नाही आणि तरी जिला कुठंच स्पर्शिका काढता येत नाही अशा रेघेचा. असली रेघ असते हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ती माझ्या डोळ्यांपुढं उभी राहत नव्हती. त्या माणसानं ती फळ्यावर उभी केली असती. मी महिनाभर त्या दिवसाची वाट बघत होते. सकाळी तेव्हाच्या प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, “स्टाफमध्ये तरुण लेडीज तुम्हीच. दारात ओवाळायला तुम्ही थांबा.” थांबले. ओवाळलं. त्या भल्या माणसानं हात जोडले. मग नाश्त्याचं कोण बघणार, तर लेडीजच बघणार. मी भांडारखोलीत पोह्यांवर खोबरं पेरत उभी होते आणि वरच्या हॉलमधून टाळ्या ऐकू येत होत्या. व्याख्यान संपल्यावर वाणिज्य शाखेचे एक सर खाली आले आणि म्हणाले, “काय कळलं नाही बुवा, पण माणूस हुशार.” पोह्यांचं घमेलं त्यांच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं. घातलं नाही. चहा दिला.

पुढची नोकरी अशीच, दात आवळून. पीएच.डी.ला मार्गदर्शक म्हणाले, “मूल लहान आहे, सोपासा विषय घ्या.” मी अवघड घेतला आणि मूल कडेवर घेऊन पूर्ण केला. नवरा फौंड्रीत, पाळीची ड्युटी, तरी त्यानं कधी आडकाठी केली नाही. एवढं एक नशीब. मग दिवस बदलले. आधी पदव्युत्तर वर्ग गेला. मग विभागातले दोघे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. शेवटी विभागात मी एकटी उरले, म्हणून विभागप्रमुखही मीच. मीटिंग बोलवायची तर आरशापुढं बसावं लागलं असतं. गणित घेणारी पोरं कमी होत गेली. ज्यांनी नावं घातली त्यांतली निम्मी पोलीस भरतीच्या मैदानावर पळत असायची. त्यांच्यावर मी रागावत नाही. नोकरी कुठं आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. राग त्यांचा येतो, जे विषय मरायला टाकतात आणि मग नाडी बघून म्हणतात, अरेरे, जीवच नव्हता.

अशात ती मुलगी आली. शिरोळजवळच्या एका गावातली, आमच्यासारख्याच जैन घरातली. पहाटेच्या एसटीनं यायची. उंच, सडपातळ, वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. पहिले काही दिवस तोंडातून शब्द नाही. मग एक दिवस मी फळ्यावर खोटं लिहून वळले तर ती माझ्या शेजारीच उभी. खडू मागितलासुद्धा नाही, माझ्या बोटांतून काढून घेतला. काट मारली, उदाहरण लिहिलं आणि जाऊन बसली. मी तिला शाबास म्हणाले नाही. दुसरा खडू घेतला आणि तास पुढं चालवला.

पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. त्यांच्या गावाकडचा रस्ता बंद झाला. मी काळजीत होते, तोवर तिचाच फोन आला. पलीकडं म्हशींचा आणि माणसांचा गलका. “मॅडम, घरात पाणी आलंय. आमी समदी शाळंत हाय. जनावरं बी हितंच हायत. पर परवाचं खोटं सापडलं.” आणि तिथूनच तिनं मला उदाहरण सांगितलं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले. सगळ्या नोकरीत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस. नाहीतर बाकी शाली किती आल्या आणि बोहारणीला गेल्या.

ती दुसऱ्या वर्षाला गेली, आणि कॉलेजात कमिटी येणार असं ठरलं. कमिटी म्हणजे कॉलेजची प्रत तपासून दर्जा देणारी बाहेरची माणसं. ती यायची म्हटलं की संस्थेला बाळंतपण आल्यासारखं होतं. प्राचार्यांनी मला बोलावलं. हे नवे प्राचार्य वयानं माझ्याहून लहान, आवाज मोठा, मनानं वाईट म्हणता येणार नाहीत. पण खरं-खोटं हा फरक त्यांना बारीकसारीक तपशील वाटतो.

“मॅडम, तिसऱ्या वर्षाला गणित ठेवायचं का न्हाय, ते आता संस्थेत चाललंय,” ते म्हणाले. “कमिटीला वर्ग भरलेला दिसला की विषय राहतोय. माझा शब्द हाय.”

“वर्ग भरलेला कुठून दिसणार? येते ती एकटी.”

“त्याची काळजी तुमी करू नका. कॉमर्सची पोरं बसवू की.”

ही आमच्याकडची रीत. कमिटीच्या दिवशी पोरं उसनी घ्यायची. ज्याच्याकडं जास्त, त्यानं दुसऱ्याला द्यायची. शेजारणीकडून साखर आणावी तसं हे चालतं आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. कुंड्याही भाड्याच्या येतात. फळझाडांच्या, फुलझाडांच्या, दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढून परत जातात. अपंगांसाठीचा उतार आदल्या दिवशी होतो आणि त्याचं सिमेंट ओलं असतं म्हणून त्यावर दोरी बांधून कुणालाच जाऊ देत नाहीत. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी म्हणाले असते, नको मला उसना वर्ग. पण तिसरं वर्ष बंद झालं तर त्या मुलीचं काय होणार हे मला दिसत होतं. तिच्या घरच्यांनी एकच कॉलेज बघितलं होतं. ते एसटी स्टँडपासून जवळ, आणि तिथल्या गणिताच्या बाई आपल्याकडच्या. दुसऱ्या कॉलेजात पाठवायची वेळ आली तर ते पाठवणार नाहीत, घरी बसवतील. मी गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग प्राचार्य म्हणाले, “आणि ती तुमची उंच पोरगी. ती दारात ओवाळायला पायजे. तोंडावर तेज हाय तिच्या.”

तळपायाची आग मस्तकात गेली. “ती माझी विद्यार्थिनी आहे. माझा एकच खरा विद्यार्थी. कमिटी माझ्या वर्गात येणार आणि ती दारात उभी राहणार?”

“आवो मॅडम, धा मिन्टाचं काम. ओवाळलं की धाडतो तिला वर. रागावताय कशाला?”

रागावताय कशाला! हा प्रश्न मला आयुष्यभर विचारलाय. ज्यांनी राग आणला त्यांनीच विचारलाय.

कमिटी यायच्या दिवशी सकाळी कॉलेज ओळखू येत नव्हतं. फेटे बांधणारा माणूस एका टेबलाशी बसून एकेकाचं डोकं आवळत होता. हलगी आली होती. ती मुलगी भाड्याच्या नऊवारीत दारात उभी होती. साडीला नाटकाच्या ट्रंकेचा वास, नथ नाकाला टोचत होती म्हणून डोळ्यांत पाणी. मला बघून म्हणाली, “मॅडम, तासाला मी येतो की लगीच. आज खोटं अवघड घालू नका.” आमच्याकडच्या मुली अशाच ‘येतो, जातो’ म्हणतात. मी म्हणाले, “आज सोपं घालते.”

कमिटी काही वेळेवर येईना. कळलं की साहेबमंडळी आधी नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेली आहेत, संस्थेच्या गाडीतून. दर्शन झालं, बासुंदी झाली. मुलगी उभी. वाऱ्यानं निरांजन विझे, शिपाईमावशी परत लावी. दुपार झाली. शेवटी गाड्या आल्या, हलगी कडाडली, ओवाळणं झालं. अध्यक्ष म्हणजे उत्तरेकडचे एक गोरेपान गृहस्थ, व्यवस्थापन हा त्यांचा विषय. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी फोटोसाठी परत एकदा ओवाळून घेतलं. दहा मिनिटांचं काम संपलं, पण तिला कुणी वर धाडलं नाही. आता तिच्या तबकात गुलाबाची फुलं ठेवली आणि सांगितलं, साहेबांच्या मागनं प्रत्येक विभागात जायचं आणि आत शिरताना एकेक फूल द्यायचं.

माझ्या वर्गात वाणिज्य शाखेची पोरं दाटीवाटीनं बसली होती. इस्त्रीचे शर्ट. काहींना तर हसू आवरत नव्हतं. आदल्या दिवशी त्यांची तालीम घेतली होती. विचारलं तर म्हणायचं, ‘रिअल ॲनालिसिस’. मी सवयीनं शिकवायला लागले आणि सवयीनंच फळ्यावर खोटं लिहिलं. सोपं लिहिलं, तिला कबूल केल्याप्रमाणं. रेघ कुठंही तुटलेली नसेल तर तिच्या प्रत्येक बिंदूवर स्पर्शिका काढता येते. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाचं पोरही हे पाडेल. हात न उचलता इंग्रजी व्ही काढायचा. रेघ सलग, पण खालच्या टोकाला स्पर्शिका कुठली? डावीकडून एक येते, उजवीकडून दुसरीच. झालं.

समोर एवढी पोरं, आणि सगळ्यांनी ते खोटं निमूट उतरून घेतलं. माझ्या कानावर जुना वळ आल्यासारखं झालं.

तेवढ्यात कमिटी आली. अध्यक्षांनी फळ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. “व्हेरी गुड, व्हेरी गुड.” मग पुढच्या बाकावरच्या पोराला विचारलं, काय शिकताय? “रिअल ॲनालिसिस, सर!” पोरगं उभं राहून ओरडलं. अध्यक्ष खूश. त्यांच्या मागं दारात ती उभी होती, तबक दोन्ही हातांत. तिनं फळा वाचला. तिच्या भुवया वर गेल्या. एक पाऊल आत टाकलं. मग हातातल्या तबकाकडं बघितलं, बाजूच्या प्राचार्यांकडं बघितलं, आणि थांबली. खडू घ्यायला तिला हातच मोकळा नव्हता. तिनं अंगठ्यानं तबकातल्या अक्षतांत एक रेघ ओढली. खाली गेली, परत वर आली. तबक जरासं माझ्याकडं कललं. अक्षतांत व्ही काढला होता.

मग माझं डोकं फिरलं. मी अध्यक्षांपुढं जाऊन उभी राहिले आणि हिंदीत, मोठ्यानं म्हणाले, “सर, ये बच्चे मेरे नहीं हैं।”

प्राचार्यांचा फेटा हलला. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, क्षणभर त्यांना खरंच कळलं असावं असं मला वाटलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “बिल्कुल सही, मॅडम! बच्चे तो देश के होते हैं।” आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्राचार्यांनी वाजवल्या. मग सगळ्या उसन्या पोरांनी बाकं बडवली.

मी तोंड उघडून काही म्हणणार तोवर ते मुलीकडं वळले होते. तबकातलं फूल उचलून म्हणाले, “ब्यूटीफुल कल्चर.” आणि वरात पुढच्या विभागाकडं निघाली. तिला जावंच लागलं. जाताना तिनं मागं वळून फळ्याकडं बघितलं. तिला काट मारायची राहून गेली होती. मीही मारली नाही. ते खोटं मी तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी मावशींनी फळा पुसेपर्यंत. हे चुकलंय का, असं मला कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणीही विचारलं नाही.

कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. पेढे वाटले. कमिटीच्या अहवालात पारंपरिक स्वागताचं विशेष कौतुक होतं, आणि गणिताच्या वर्गातल्या ‘उत्साही प्रतिसादाचं’ही. त्या दर्जावर संस्थेनं नवे कोर्स मागितले आणि ते मिळाले. तिसऱ्या वर्षाचं गणित प्रतिसाद नाही म्हणून बंद केलं, आणि त्यापाठोपाठ खालच्या वर्गांचंही. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

“तुम्ही शब्द दिला होता.”

“मॅडम, शब्द दिलता, न्हाय म्हणत न्हाय. पर संस्थेपुढं माजं काय चालतंय? तुमचं बी आता वर्षभरच राह्यलंय की. निवांत बसा. लायब्ररी सांभाळा.”

मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला. ते मागं सरकले. मी तो परत ठेवला. एवढंच. पण ते मागं सरकले होते याचं मला अजून बरं वाटतं.

मग मी कामाला लागले. कोल्हापुरातच, स्टँडपासून थोडं लांब, एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गणित आहे. तिथं जाऊन बोलले, जागा आहे म्हणाले. मुलीला फोन केला तर बंद. दोन दिवसांनी तिच्या वडिलांचाच फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. “मॅडम, तुमचं उपकार हायत बगा. तुमच्या कॉलेजनं पोरीचा फोटू रस्त्याला लावलाय न्हवं? त्यो बघून निपाणीकडनं स्थळ आलंय. ऐतवारी बघायला येणार हायत. चांगली मोठी पेढी हाय. तुमी याच एकदा घरी.”

मी फोन ठेवला. माझी विद्यार्थिनी कॉलेजनं माझ्या वर्गातून काढून दारात उभी केली. मग तिचा विषय बंद केला. आणि तिच्याच फोटोनं आता तिचं लग्न जमवायला घेतलं होतं, न सांगता, न विचारता, जाता जाता.

रविवारच्या आधीच गेले. घर चांगलं, पुरानंतर नवं रंगवलेलं, दारात ट्रॅक्टर. वडिलांनी अगत्यानं बसवलं. त्यांना घरात आप्पा म्हणतात. माणूस सरळ, बोलायला मोकळा, पोरीवर जीव असलेला. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. आत मोठी मुलगी भाकऱ्या थापत होती, माहेरी आलेली. थापण्याचा आवाज बाहेर येत होता.

मी आडवळण न घेता म्हणाले, “दादा, एक वर्ष राहिलंय तिचं. दुसऱ्या कॉलेजात जागा बघून आलेय. पाठवा.”

“आवो मॅडम, त्याची काय बी काळजी न्हाय,” आप्पा म्हणाले. “पावण्यांनी सोताहून सांगटलंय, पोरीला शिकायचं आसंल तर लगनानंतर बी शिकू द्यू. शब्द दिलाय.”

शब्द! माझ्या तोंडात शिवी आली होती. तोवर तिची आई, अव्वा म्हणतात तिला, आतनं म्हणाली, “मॅडम पैल्यांदा घरला आल्यात. कुंकू लाव, ओवाळ त्यास्नी.”

आणि धाकटी, माझी विद्यार्थिनी, तबक घेऊन आली. तेच, निरांजन, कुंकू, अक्षता. मला उठून जावंसं वाटलं. तिनं कुंकू लावलं. तिचे डोळे सुजले होते. ओवाळायला तबक उचललं आणि अर्ध्यावर थांबली. मग खाली वाकून तिनं ते जमिनीवर ठेवलं. आता दोन्ही हात मोकळे होते. कुणाची परवानगी मागितली नाही.

“आप्पा, ह्ये खोटं हाय.”

“काय खोटं?”

“लगनानंतर शिकू देत्यात त्ये. अक्काच्या वेळंला बी आसंच म्हणालते.”

बस. भाषण नाही, रडणं नाही. एकच उदाहरण. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

“सुम्मनिरु,” अव्वा कानडीत पुटपुटली, म्हणजे गप बस. आप्पांचा चेहरा लाल झाला. ते तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाले, “तुमी हिला ह्येच शिकवलं व्हय, मॅडम?”

“व्हय,” मी म्हणाले. “ह्येच शिकवलं. दुसरं काय शिकवलं न्हाय.”

स्वयंपाकघराच्या दारात मोठी मुलगी येऊन उभी होती, पिठाचे हात पुढं धरून. आप्पांनी तिच्याकडं बघितलं. या घरात हे उदाहरण डोळ्यांसमोरून जात-येत होतं, आणि त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं.

“तुला शिकायचं हुतं व्हय गं?” शेवटी ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

“मला आता कशाला इचारतासा, आप्पा?” ती म्हणाली. “तिला इचारा.”

आप्पांनी खाली ठेवलेल्या तबकाकडं बघितलं. निरांजन तसंच जळत होतं. मग धाकट्या लेकीकडं वळून, घसा खाकरून विचारलं, “कुठल्या कॉलेजात हाय म्हणत्यात त्ये गणित?”